बॉक्स आधी खोलायचा की शेवटी?

जुन्या बुलेटचा गिअर अडायला लागला की गॅरेजात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बॉक्स खोला, आत काय झालंय ते डोळ्यांनी पाहू. दुसरा म्हणतो, बॉक्सला पाना लावायचा तो बाकी सगळं तपासून झाल्यावर. बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काही दिसणार नाही. पण मराठवाड्यातल्या वाड्यांत आणि गोठ्यांत अशा गाड्या मी पाहिल्या आहेत, की इंजिन ठणठणीत आणि गिअरबॉक्स मात्र खताच्या रिकाम्या गोणीत सुटा भरून ठेवलेला. कुणीतरी घाईनं खोलला, वॉशरांचा क्रम विसरला, दोन भाग वेळेवर मिळाले नाहीत आणि गाडी कायमची बसली. या गोण्यांमुळेच हा वाद मला जिव्हाळ्याचा वाटतो.

पुढचा संवाद भोकरदनच्या एका गॅरेजातला आहे. मामा बुलेट, राजदूत, येझदी यांवर हात बसलेले मिस्त्री. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात लागलेला. गाडी भाच्याच्या वडिलांची, १९७८ सालची बुलेट ३५०. म्हणजे १९८१ साली जालना जिल्हा वेगळा होण्याआधीची, भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं तेव्हाची. तक्रारी तीन. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येऊन गाडी धक्का खाते. चालू गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही. आणि फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट डबलसीट चढताना तिसरा गिअर सुटतो.

भाचा : मामा, तिन्ही तक्रारी गिअरच्याच आहेत. मग बॉक्स खोलूनच टाकू ना. आज सुट्टी आहे, संध्याकाळपर्यंत मी मोकळा आहे.

मामा : तक्रार गिअरची आहे म्हणून बिघाड बॉक्सातच आहे, हे तुला कोणी सांगितलं? पाय गिअरच्या दांड्यावर असतो, धक्का पायाला लागतो, म्हणून तुला तसं वाटू राहिलं. इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत काय काय लागतं ते सांग बरं.

भाचा : इंजिनची छोटी चेन, क्लच, गिअरबॉक्स, मोठी चेन, चाक.

मामा : आणि चाकाच्या हबमधले रबर. ते विसरतात सगळे. या सहांपैकी पाच बाहेरून तपासता येतात. उरला तो बॉक्स. मंग पाचांना सोडून सहाव्यावर पहिला हात काहून टाकायचा?

भाचा : कारण खात्री हवी. बाहेरून केलेली तपासणी म्हणजे अंदाज. खोललं की समोर दिसतं.

मामा : दिसतं, पण बंद गाडीतलं दिसतं. चालत्या गाडीत काय होतं ते खोलल्यावर कधीच दिसत नाही. जे चालू असताना विचारायचं, ते आधी विचारून घे. एकदा बॉक्स टेबलावर आला की गाडी बोलायची बंद झाली.

या शेवटच्या वाक्यापाशी मी मामांच्या बाजूला उभा राहतो. बुलेटचा हा चार गिअरचा बॉक्स मुळात बर्मिंगहॅमच्या अल्बियन कंपनीच्या घडणीचा. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातल्या रेडिचची रॉयल एन्फील्ड यांनी मिळून एन्फील्ड इंडिया उभी केली आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात बुलेट बनायला लागली, तेव्हा तिच्यासोबत हा बॉक्सही आला. रॉयल एन्फील्ड तिकडे १९७०च्या सुमाराला बंद पडली, इकडे मात्र हाच बॉक्स पुढे कित्येक वर्षं बनत राहिला. नव्या शतकात पाच गिअरचा, डाव्या पायाचा बॉक्स आला तोवर बुलेटवाल्याचा उजवा पाय याच्याच सवयीचा होता : पहिला गिअर वर उचलायचा, पुढचे तीन खाली दाबायचे. शिवाय एक छोटा दांडा टाचेनं दाबायचा, की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून गाडी थेट न्यूट्रलला. इंजिन आणि बॉक्स एकाच घरात नाहीत. दोन्हींची घरं वेगळी, एकमेकांना बोल्टनं घट्ट आवळलेली. म्हणून इंजिनाला हात न लावता बॉक्स खोलता येतो. हीच सोय घाई करणाऱ्याला मोह पाडते.

मामा : गाडी मोठ्या स्टँडवर घे. चालू कर. क्लच पूर्ण दाब आणि पहिला टाक. मागचं चाक पाह्य.

भाचा : फिरतंय.

मामा : थोडं फिरणारच, आतल्या तेलानं ओढलं जातं. बुटाचा तळवा टायरला लाव. थांबलं पाहिजे.

भाचा : थांबत नाही. जोर लावला तर इंजिनच बसायला लागतंय.

मामा : मंग तुझ्या दोन तक्रारी इथंच सापडल्या. क्लच दाबला तरी सुटत नाही. इंजिन बॉक्साला ढकलतच राहतं, म्हणून पहिला पडताना खाडकन वाजतं. आणि न्यूट्रल सापडत नाही, कारण गिअरच्या दातांवर ताण आहे. ताणातला गिअर सरकणार कसा? यासाठी बॉक्स खोलला असता तर आत काहीच सापडलं नसतं, आणि काही सापडलं नाही म्हणून तू चांगला गिअर बदलून बसला असता.

भाचा : बरं. मग क्लच का सुटत नाही त्याचं कारण शोधू. केबल ताणू?

मामा : केबल ताण आणि तो आतला स्क्रूपण—

भाचा : थांबा मामा. दोन्ही एकदम नको. एक गोष्ट बदलायची, चाक परत पाहायचं, मग दुसरी. दोन्ही एका वेळी फिरवलं आणि बरं झालं, तर कशानं बरं झालं ते कळणार नाही. सहा महिन्यांनी तीच तक्रार आली की पुन्हा पहिल्यापासून.

मामांनी हातातला पेचकस खाली ठेवला. भाच्यानं वहीत लिहिलं : हँडलपाशी केबलला किती ढील आहे. केबल अगदी ताठ असेल तर क्लच पूर्ण धरत नाही आणि चढावर घसरतो. ढील जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन-तीन मिलिमीटर ढील असावी. इथे त्याच्या कितीतरी पट होती. ती काढली, चाकाची ओढ कमी झाली, पण गेली नाही. मग बॉक्साच्या झाकणावरचं छोटं टोपण काढून आतला स्क्रू आणि लॉकनट. क्लचला ढकलणारी सळई मेन शाफ्टच्या पोटातून, उजवीकडून डावीकडे जाते. ती झिजून आखूड झाली की केबल कितीही नीट लावा, ढकलणं अपुरंच पडतं. स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, परत चाक पाहिलं. आता बूट लावला की चाक थांबत होतं, पण नाखुशीनं.

मामा : आता क्लचचं झाकण काढायचं. प्रेशर प्लेट सरळ उचलली जाते का, ते मला बसून पाहू दे. तू क्लच दाब. सावकाश. परत. दिसलं? वरची बाजू आधी उठते, खालची मागून.

भाचा : स्प्रिंगा सारख्या नाहीत.

मामा : किंवा सारख्या आवळलेल्या नाहीत. तिरपी उठली की एका बाजूच्या प्लेटा मोकळ्या, दुसऱ्या बाजूच्या चिकटलेल्या. आणि या ड्रमच्या खाचांवर बोट फिरव.

भाचा : पायरी लागते. प्लेटांच्या कानांनी ठोकून ठोकून खड्डे पाडलेत.

मामा : त्या खड्ड्यांत प्लेट अडकते, मोकळी होत नाही. कानस घे, पण धारेपुरती चाल. खोल गेला तर ड्रम गेला.

ही जागा मला दाखवावीशी वाटते. ड्रमची खाच म्हणजे बोटभर रुंदीचा एक उभा काप. त्याच्या कडेवर प्लेटीचा कान इंजिनच्या प्रत्येक ठोक्याला आपटतो. वर्षानुवर्षांनी कडेला नखाच्या टोकाएवढा खड्डा पडतो. डोळ्याला तो तेलाचा डाग वाटतो, पण नख ओढलं की अडकतं. एवढ्याशा खड्ड्यामुळे गाडीचा मालक न्यूट्रल शोधत पाय आपटत राहतो, आणि आपटण्यानं गिअरच्या दांड्याचं रॅचेट बिघडतं. बाहेरचा दोष असा आत शिरतो. सकाळी थंड गाडीला क्लच दाबून दोन-तीन किका मारायच्या, प्लेटा मोकळ्या करायच्या आणि मगच चालू करायची, ही जुन्या बुलेटवाल्यांची रीत मात्र पडली ती थंड तेलानं प्लेटा एकमेकींना चिकटतात म्हणून.

भाचा : दोन तक्रारी मिटल्या, मान्य. पण तिसरा गिअर सुटतो तो क्लचमुळे नाही. चढावर सुटतो. क्लच तर तेव्हा सोडलेला असतो.

मामा : बरोबर. पण अजून बॉक्स नाही. आधी रॅचेटची पट्टी. झाकणाआड गिअरच्या दांड्याला एक पट्टी आहे, तिची भोकं लांबट आहेत. पट्टी जरा पुढे-मागे सरकली की दांड्याचा वरचा फेरा एक आणि खालचा एक होतो. पाय पूर्ण दाबला तरी आतला काटा गिअर पूर्ण सरकवत नाही. अर्धवट अडकलेला गिअर ताण आला की सुटणारच.

भाचा : आणि अर्ध्यात राहिला तर दोन गिअरांच्या मधेच खोटा न्यूट्रल.

मामा : तेच. मला एक सांग, तू ही गाडी चालवताना घाबरला की कोणता पाय दाबतो?

भाचा : उजवा. माझ्या गाडीचा ब्रेक उजवीकडे आहे.

मामा : आणि हिचा डावीकडे. उजवीकडे गिअर. तू ब्रेक समजून गिअरच्या दांड्यावर उभा राहतो, तेही क्लच न दाबता. खाली दाबलं म्हणजे हिचा पुढचा गिअर. त्या जोरानं पट्टी सरकते, दांडा वाकतो, रॅचेटची स्प्रिंग तुटते. आणि येझदीवरून आलेला माणूस दुसरीच चूक करतो. येझदीचा गिअर दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, तशी सोयच आहे तिच्यात. किक आणि गिअर एकाच दांड्याचे. तो माणूस बुलेटवर बसला की क्लच अर्धाच दाबतो.

भाचा : म्हणजे अर्धा दोष गाडीचा आणि अर्धा चालवणाऱ्याचा.

मामा : ते मला माहीत नाही. मालक बदलला की जुन्या गाडीचा गिअर बिघडतो, एवढं मी पाहिलंय.

पट्टी सरकवून दोन्ही फेरे सारखे केले. भाच्यानं गाडी राजूरच्या रस्त्याला नेऊन आणली. गिअर मऊ पडत होते. पण मागे माणूस बसवून चढावर गॅस दिला की तिसरा अजूनही सुटत होता. हबचे रबर पाहिले, मोठ्या चेनची ढील पाहिली. दोन्ही ठीक. आता मामांकडे बाहेर तपासायला एकच गोष्ट उरली.

मामा : चौथ्यात कसा आवाज होता?

भाचा : चौथ्यात शांत. दुसऱ्या-तिसऱ्यात गुणगुण होती.

मामा : पाह्य, आता गाडी बोलली. चौथ्यात मेन शाफ्ट आणि चेनचं स्प्रॉकेट सरळ जोडले जातात, ताण खालच्या ले शाफ्टवर जातच नाही. पहिल्या तीन गिअरांत ताण ले शाफ्टमधून फिरून येतो. चौथा शांत आणि खालचे गुणगुणतात, म्हणजे दुखणं ले शाफ्टकडे. आता तेल काढ. पांढऱ्या बशीत.

बशीत आलेलं तेल दोघांनी उन्हात नेलं. करडी पेस्ट होती. ती कुठल्याही जुन्या बॉक्सात असते, तिच्यानं घाबरायचं नसतं. पण बशी तिरपी केली तेव्हा तेलात सोनेरी कण चमकले. भाच्यानं चुंबक फिरवला. दोन-चार काळपट कण चिकटले, सोनेरी जागचे हलले नाहीत. चिकटले ते पोलाद, गिअरच्या कडांचं. न चिकटलेलं ब्राँझ, म्हणजे बुश झिजतंय. एक चुंबक आणि एक बशी यांनी जे सांगितलं, ते झाकण काढण्याआधीच सांगितलं. आता बॉक्स खोलायला मामांचीही ना नव्हती.

भाचा : हेच मी सकाळी म्हणत होतो. शेवटी खोलावाच लागला.

मामा : सकाळी खोलला असता तर काय शोधायचं ते तुला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आपल्या गावात केळना नदीच्या काठी १९७३ साली खोदकाम झालं, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठाचं. जुनं भोगवर्धन सापडलं, सातवाहनांच्या काळचं. त्यांनी काय सुरुवातीलाच जेसीबी घातला? वरून खाली, एकेक थर. आम्ही पोरं काठावर बसून पाहायचो, हातात बुरूस घेऊन माती झाडायचे ते.

भाचा : मग मामा, त्यांची अर्धीच गोष्ट नका घेऊ. ते थराथरानं उतरले, खरं. पण प्रत्येक थर मोजला, कागदावर काढला, कोणता तुकडा कुठे सापडला ते लिहून ठेवलं. म्हणून तर तिथं मिळालेली हस्तिदंती बाई इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीसारखी आहे, हे सांगता आलं. नुसतं काढून टोपलीत टाकलं असतं तर तिचा काळ कोणी ठरवला असता? तुम्ही बाहेरून आत येताना थर पाळता, आणि आत आल्यावर सगळं बोटांनी ठरवता.

या मुद्द्याला मामांकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते असूही शकत नाही. आपल्याकडच्या चांगल्या मिस्त्रींचं बळ बॉक्स बंद असेपर्यंतचं. आवाज, वास, पायाला लागणारा धक्का, तेलाचा रंग, हे त्यांना पुस्तकापेक्षा जास्त कळतं. पण बॉक्स उघडला की तेच हात ‘चालंल’ म्हणायची घाई करतात. मालकाचे पैसे वाचवायचे असतात, सुटा भाग संभाजीनगरहून मागवायचा असतो, गाडी उद्या हवी असते. हेतू चांगलाच असतो. तरी ‘चालंल’ म्हटलेला भाग पुढच्या पावसाळ्यापर्यंतच चालतो.

जुन्या वर्तमानपत्राच्या दोन पानांवर भाच्यानं भाग मांडले. उजवीकडून निघाले त्या क्रमानं, वॉशरसुद्धा ज्या तोंडानं होता त्याच तोंडानं. प्रत्येकापाशी पेननं आकडा. आधी बाहेरचं झाकण, मग किकची स्प्रिंग, मग आतलं झाकण. मेन शाफ्ट ओढायला डावीकडचं क्लचचं मधलं काढावं लागतं, तेही बाहेर काढलं. रॉकेलनं धुऊन तिसऱ्या गिअरची जोडी उजेडात धरली. गिअर एकमेकांत अडकतात ते त्यांच्या बाजूला आलेल्या जाड गुटक्यांनी, डॉग म्हणतात त्यांना. चांगल्या डॉगची कड चौकोनी, उभी असते. इथे कडा गोल आणि आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या. गोल कडा ताण आला की एकमेकींवर चढतात आणि गिअरला बाहेर ढकलतात. चढावरच का सुटतो, त्याचं उत्तर तेवढ्या चमकेत होतं.

मामा : तिसऱ्याची जोडी बदल. दोन्ही बदल, एक नवा आणि एक जुना लावू नको. दात एकमेकांसोबत झिजलेले असतात, नव्याला जुन्याची संगत मानवत नाही, आवाज करतो. बाकी गिअर चांगले आहेत.

भाचा : आणि बुश?

मामा : ले शाफ्ट घालून हलवून पाहिलं. वर-खाली फारसं नाही. चालंल.

भाचा : मी मोजतो.

मामा : मोज.

भाचा : वर-खाली माप बरोबर आहे मामा, तुमच्या हाताला बरोबरच लागलं. पण आडवं माप घेतलं तर मोठं येतंय. बुश गोल राहिलेलं नाही, लंबगोल झालंय.

मामा : आडवं?

भाचा : दोन गिअर एकमेकांना ढकलतात त्या दिशेला झिजलंय. ताण आला की शाफ्ट त्या बाजूला सरकतो, गिअर तिरपा होतो, आणि तिरपा गिअर डॉगच्या एकाच कडेवर भार टाकतो. मला वाटतं कडा गोल झाल्या त्या यामुळे. आता नुसती जोडी बदलली तर नवीन डॉगचीही तीच गत होईल.

मामांनी शाफ्ट परत बुशात घातला आणि या वेळी आडवा हलवला. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "खडखडतं. बदल." एवढंच. इतक्या वर्षांच्या हाताला एका आकड्यानं दुरुस्त केलं आणि त्या माणसानं ते तिथल्या तिथे मानलं. हे मला त्या गॅरेजात फार आवडलं.

भाचा : तयार बुश मिळेल?

मामा : मिळतं, पण जालन्याला लेथवर फॉस्फर ब्राँझचं करून घे. चांगला माणूस आहे माझ्या ओळखीचा. फक्त त्याला सांग, भोक अंगासरशी ठेव. बुश दाबून बसवलं की आवळतं, भोक बारीक होतं. बसवल्यावर मंग रीमर फिरवून शाफ्टाच्या मापाला आणायचं. आणि दोन्ही बाजूचे बुश एका रेषेत आले पाहिजेत. ते तू मोजशीलच.

भाचा : मग मामा, एवढं करतोच आहोत तर सगळेच गिअर नवे घालू. नाहीतर पाच गिअरचा बॉक्सच बसवतो. माझा गोंधळही मिटेल, डाव्या पायाला गिअर येईल.

मामा : तुझी गाडी आहे. पण तुझ्या बापानं ज्या पायानं चालवली तो पाय शिकायला तुला महिनाच लागेल. चांगले गिअर फेकून काय मिळणार? झिजलेलं काढायचं, शाबूत आहे ते ठेवायचं.

भाचा : एक कारण माझ्याकडेही आहे ते ठेवायचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. ही २०२८ ला पन्नाशीची होईल. वीस हजार रुपये फी आहे, दहा वर्षांची नोंदणी.

मामा : आणि मंग राजूरला अंगारकीला नेता येईल?

भाचा : रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

मामा : मंग नको. नेहमीची नोंदणी वाढवत राहा. बसून राहिलेल्या गाडीचे बुश कसे राहतात ते मी सांगतो. तेल खाली उतरतं, वरचा भाग कोरडा पडतो, पावसाळ्यात गंज धरतो. तिला चालवत राहिला तर ती राहील.

इथे माझं मत भाच्यापेक्षा मामांकडे जास्त झुकतं. नियम चुकीचा आहे असं नाही. दुर्मीळ, एकुलत्या एक गाड्यांना तो हवाच. पण बुलेट ही मराठवाड्यात शिक्षकांनी, बागायतदारांनी, फौजदारांनी रोज दामटलेली गाडी. तिचे सुटे भाग अजून बनतात, तिला जाणणारे हात अजून तालुक्याच्या गावात आहेत. ते हात कामाला लागत राहायचे तर गाड्या रस्त्यावर असायला हव्यात. राजदूतचं काय झालं ते समोर आहे. तीन गिअरचा साधा बॉक्स, दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पळवलेला. आता तो नीट जुळवणारा मिस्त्री शोधावा लागतो, कारण जुळवायला गाडीच येत नाही.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. ती म्हणजे बॉक्सात घालायचं काय.

मामा : निम्मं ग्रीस, निम्मं नव्वद नंबरचं तेल. जुन्या बॉक्साला धड सील नाही, पातळ तेल स्प्रॉकेटच्या मागून गळतं आणि चेन भिजवतं.

भाचा : गळतं ते स्प्रॉकेट बसतं त्या स्लीव्हचं बुश झिजल्यावर. तेही मोजलंय, ठीक आहे. घट्ट ग्रीस गिअरानं एकदा बाजूला सारलं की तिथंच भिंतीला चिकटून बसतं, परत दातांवर येत नाही. नव्या बुशात पोहोचायला तेलच हवं. ग्रीस वापरायचंच असेल तर वाहणारं, पातळ.

मामा : चाळीस वर्षं निम्मं-निम्मं घालतोय.

भाचा : आणि चाळीस वर्षांत ले शाफ्टचे किती बुश बदलले?

मामा : ...बदलले पुष्कळ. त्याला कारणं दहा असतात.

भाचा : म्हणून या वेळी एकच गोष्ट बदलून पाहू. बुश नवं, जोडी नवी, आत नुसतं नव्वदचं तेल. गळलं तर तुमचं ऐकतो.

मामा : गळेल तेव्हा गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेव, डाग कुठून सुरू होतो ते पाहता येईल. आणि पहिलं तेल पाचशे किलोमीटरला काढ, जास्त वाट पाहू नको. नव्या बुशाचे थोडे सोनेरी कण येणारच, त्यानं दचकू नको. दुसऱ्या वेळी आले तर मात्र इकडे घेऊन ये.

भाचा : किती आले ते गाळून वजन करून आणतो.

मामा : आण. मी बशी तिरपी करून पाहीन, तू तुझा काटा पाह्य.